बिनखसखशीचे अनारसे

वसुबारसेच्या दुपारी आई अनारसे तळत होती आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बघत होतो. दिवाळीच्या आधी असं निवांत बसायला कितीतरी वर्षांत मिळालं नव्हतं. रजा मिळाली तरी मी पोचायचो तो नरक चतुर्दशीला, आणि तोवर डबे भरून कागद घालून बंद झालेले असायचे. यंदा सगळं पहिल्यापासून पाहिलं. तीन दिवस भिजलेले तांदूळ, रोज बदललेलं पाणी, पंचावर सावलीत पसरलेला तो आंबूस ओला वास, ओलसर असतानाच कुटून चाळलेलं पीठ, त्यात मळलेला गूळ, आणि मग डब्यात दाबून ठेवलेला तो गोळा, ज्याला आई रोज झाकण उघडून नुसता वास घ्यायची आणि "अजून नाही" म्हणायची. आता कढईत तूप मंद तापलं होतं. तिनं लाटी घेतली, शेजारच्या ताटलीत दाबली, बोटांनी गोल थापली आणि अलगद तुपात सोडली. ताटलीत पांढरे तीळ होते.

"खसखस संपली का गं?" मी विचारलं.

"आणतच नाही," ती म्हणाली. झाऱ्यानं अनारशावर तूप उडवत होती, माझ्याकडे बघितलं नाही.

"पण आता मी कुठं चाललोय?"

तिचा हात थांबला. कढईतल्या अनारशाला जाळी पडत होती, त्याच्याकडे बघत ती थोड्या वेळानं म्हणाली, "हो की. माझ्या लक्षातच आलं नाही." आणि पुढची लाटी पुन्हा तिळातच दाबली, कारण ताटलीत तीळ होते आणि तूप तापलेलं होतं.

विषय तिथंच संपला. अनारसे छान झाले होते, एकही तुपात फुटून हसला नाही. पण मला ती दिवाळी गोड लागली नाही. रात्री पणत्या विझल्यावर, पहाटे फटाक्यांच्या आवाजानं जाग आल्यावर, भाऊबीजेला पाटावर बसलेलो असताना, तिचं ते "आणतच नाही" मला आठवत राहिलं. बारीकशी गोष्ट. चिमूटभर दाणे. तिळाचा अनारसा खाऊन कुणी तक्रार केलेली नाही. पण तिळाला स्वतःचं तेल असतं, स्वतःची खमंग चव असते. तो अनारशाच्या चवीत आपली चव मिसळतो. खसखस तसं काही करत नाही. ती दाताखाली फक्त कुरकुरते आणि मागे किंचित दुधाळ गोडी ठेवून जाते. लहानपणी मी अनारसा उलटा धरून आधी नुसती खसखस जिभेनं टिपायचो आणि ओरडा खायचो. तो अनारसा मी शेवटचा कधी खाल्ला? हिशेब केला तर २००५ ची दिवाळी निघाली.

मी कतारला गेलो २००६ च्या ऑगस्टमध्ये. का गेलो ते सांगत बसत नाही. बडोद्यात केमिकल इंजिनियरला ते कुणी विचारत नाही. कोयलीची रिफायनरी १९६५ पासूनची, तिच्या आजूबाजूला उभे राहिलेले कारखाने, आणि कलाभवनातून, म्हणजे विद्यापीठाच्या इंजिनियरिंग शाखेतून, दरवर्षी बाहेर पडणारी मुलं. आमच्या वर्गातले अर्धेअधिक आज ना उद्या आखातातल्या जुबैल, रुवैस नाहीतर रास लफानला दिसणार हे आम्हाला तिसऱ्या वर्षातच माहीत होतं. माझ्या डिग्रीच्या कागदावर पुढच्या बाजूला विद्यापीठाचं 'सत्यं शिवं सुन्दरम्' आहे आणि मागच्या बाजूला परदेशी नोकरीसाठी लागणारे शिक्क्यांवर शिक्के. ते शिक्के मिळवायला बाबा दोनदा गांधीनगरला आणि एकदा दिल्लीला गेले होते, मला नोकरीतून रजा नव्हती म्हणून. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी फाइलीत, फाइल छातीशी. दिल्लीहून आले तेव्हा आधी फाइल टेबलावर ठेवली आणि मग पाणी मागितलं.

निघायच्या आठवड्यात वाड्यातले एक काका आले. मस्कतला बरीच वर्षं काढून आलेले. बॅगेत काय न्यायचं, काय नाही, हे ते आईला नीट बसून सांगत होते. लोणचं चालेल पण तीन पिशव्यांत. औषधं असतील तर डॉक्टरची चिठ्ठी. आणि शेवटी म्हणाले, "वहिनी, खसखस मात्र एक दाणा नको. तिकडे ती अफूत धरतात. माणसं आत गेलीयत." आई शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं सांगून पाहिलं की अफू बोंडाच्या चिकात असते, पिकलेल्या दाण्यात ती जवळजवळ नसतेच. मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्यानं शेती होते, तिथूनच तर ही खसखस येते. काका म्हणाले, "ते तुम्हाला-मला. पोरगा विमानतळावर उभा राहून त्यांना हे समजावत बसणार आहे का?"

त्या संध्याकाळी आईनं खसखशीची बरणी शेजारी देऊन टाकली. मग अंगणात माझी नवी निळी बॅग उलटी केली, अस्तर बाहेर काढलं आणि जुन्या दात घासायच्या ब्रशनं तिची शिवण न् शिवण झाडली. बॅग दुकानातून कोरी आणलेली होती. तिच्यात खसखस कुठून येणार? पण ती बॅग दोन दिवस स्वयंपाकघराला लागून असलेल्या माजघरात उभी होती, आणि आईला तेवढं कारण पुरेसं होतं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. गोडा मसाला मी घेऊन जाणार, म्हणून त्यातली खसखस गेली. घरात दोन मसाले कशाला, म्हणून घरचाही तसाच झाला. २००९ मध्ये मुलगी दोह्यात झाली तेव्हा आईनं पाठवलेल्या डिंकाच्या लाडवांत खसखस नव्हती, आणि पुढच्या हिवाळ्यात बाबांसाठी केलेल्या लाडवांतही नव्हती. कधी हळदीकुंकवाला कुणाकडून खसखशीची वडी आली तर ती तिथल्या तिथे खाऊन टाकायची, घरी आणायची नाही. मी वर्षातून एकदा, तीन आठवड्यांसाठी यायचो. त्या तीन आठवड्यांच्या शेवटी माझी बॅग भरली जाणार, आणि त्या एका दिवसासाठी वर्षभर घरात तो दाणा येऊ द्यायचा नाही. आखातात गेलो मी. तिथला कायदा पाळला तो बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या स्वयंपाकघरानं.

आणि मला ते माहीत नव्हतं.

मला काय माहीत होतं? अल खोरमधलं कंपनीचं घर, तिथून रास लफानपर्यंतची बस, बारा तासांची पाळी. उन्हाळ्यात एसीतून दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर दाट वाफ धरायची आणि काही क्षण काहीच दिसायचं नाही. नाकात आधी समुद्राचं मीठ यायचं आणि मग तापलेल्या डांबराचा वास. नळाचं थंड पाणी जूनपासून इतकं कढत यायचं की आम्ही गिझर बंद ठेवून त्यातलं साठलेलं पाणी 'गार' म्हणून वापरायचो. हे तिथं राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं आणि इथं सांगितलं तर कुणाला पटत नाही. शमालचा वारा सुटला की खिडक्यांच्या फटींना ओले पंचे लावायचे, तरी सकाळी ताटलीवर बोट फिरवलं की पिठासारखी धूळ. रात्रपाळी संपवून परत येताना मागे फ्लेअरचा, कारखान्यातल्या जळत्या वायूचा, केशरी उजेड आणि हातात कागदी पेल्यातला करक. आपला 'कडक' चहा तिकडे जाऊन 'करक' झाला आणि आता कतारी माणूस गाडी थांबवून, हॉर्न वाजवून तो मागवतो. तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. कुणीतरी आपलं इथं आधी येऊन गेलंय आणि आपला शब्द ठेवून गेलंय असं.

तसे येऊन गेलेले खूपच होते. १९६६ पर्यंत कतारच्या बाजारात रुपयाच चालायचा. अल खोर हे तर मोत्यांचं जुनं गाव. उन्हाळ्याचे चार महिने गडी समुद्रावर, नाकाला चिमटा, पायाला दगड, बुडी मारायची आणि शिंपले घेऊन वर यायचं. गलबताच्या तांडेलाला तिथे नाखुदा म्हणतात. आपला कोकणातला नाखवा तोच. हंगामाआधी घरखर्चाला नाखुदाकडून उचल घ्यायची, हंगाम संपल्यावर हिशेब व्हायचा, आणि हिशेबात पुष्कळदा कर्जच उरायचं. १९३० च्या दशकात जपानी मोत्यांनी तो धंदा बुडवला. मला हे वाचताना माझ्या पहिल्या विमानातली माणसं आठवायची. मुंबईहून निघालेलं ते विमान. माझ्या रांगेत तेलंगणातले दोघं, मागे गोरखपूरकडची चौकडी. उतरायच्या आधी फॉर्म आले तेव्हा एकानं न बोलता स्वतःचा पासपोर्ट माझ्या हातात दिला. मग दुसऱ्यानं, मग मागच्यांनी. मी सात फॉर्म भरले. प्रत्येकाच्या पासपोर्टात एजंटाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी होती. एजंटाला किती दिले हे मी त्यातल्या एकाला विचारलं, आणि त्यानं सांगितलेला आकडा माझ्या वडिलांच्या वर्षभराच्या पेन्शनपेक्षा मोठा होता. माझं विमानाचं तिकीट कंपनीनं काढलेलं होतं. ही गोष्ट मी तिकडे असताना कधी विसरलो नाही, निदान विसरू नये असा प्रयत्न केला. निळ्या कपड्यांतल्या माणसांनी भरलेल्या बसेस सिग्नलला शेजारी थांबायच्या तेव्हा माझ्या गाडीची काच वर असायची, आणि आत एसी चालू असायचा.

आमच्या घरात परगावी नोकरीला जाणारा मी पहिला नव्हे. पणजोबा १९०९ साली वाईहून बडोद्याला आले, गायकवाडांच्या खानगी, म्हणजे राजवाड्याच्या, खात्यात कारकून म्हणून. सयाजीराव महाराज स्वतःच नाशिककडच्या कवळाण्याहून आणलेले, दत्तक. अशा बाहेरून आलेल्या माणसांवरच हे शहर उभं राहिलं. गुजराती लोक आम्हाला दक्षिणी म्हणायचे, अजून जुनी माणसं म्हणतात. पणजोबांना गुजराती शिकावं लागलं, कारण महाराजांचा कारभार रयतेच्या भाषेत चालायचा. पणजी ओट्यावर बसून शेजारणींकडून शिकली ते निराळं. तिनं आमच्या घरात हांडवो आणला, मुठिया आणल्या, आमटीत चार बोटं जास्त गूळ आणला. पुण्याचे पाहुणे आमची आमटी खाऊन एकमेकांकडे बघतात, हे मला अगदी लहानपणापासून माहीत आहे. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, खानगी खातं राहिलं नाही. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली आणि आम्ही गुजरातेत राहिलो. कुणी 'आता तुमचं काम संपलं, परत जा' म्हटलं नाही. वाईला जायचं तरी कुणाकडे? तोवर आजोबांचा जन्म, मुंज, लग्न सगळं बडोद्यातल्या सुरसागर तलावाच्या आसपास झालेलं होतं.

दोह्यातल्या मराठी मंडळात मला विचारायचे, "महाराष्ट्रात कुठले?" मी म्हणायचो, बडोद्याचे. विचारणारा जरा थांबायचा. गुजरात्यांच्या गरब्याला गेलो की तिथे आडनावाशी थांबायचे. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उलट त्या थांबण्यात मला शंभर वर्षं दिसायची; एका कारकुनाचं कुटुंब दुसऱ्या भाषेत इतकं मुरलं की आता ते कुठलं हे चटकन सांगता येत नाही. कतारमध्ये शंभर वर्षं राहिलो असतो तरी तसं झालं नसतं. तिथली भाषा मला कामापुरती आली, शेजारी सगळे माझ्यासारखेच व्हिसावर, आणि व्हिसा नोकरीवर. नोकरी सुटली की ठरलेल्या मुदतीत देश सोडायचा. तिकडे त्याला एकच शब्द आहे: 'कॅन्सल'. अमुक कॅन्सल करून गेला. तमुक पुढच्या महिन्यात कॅन्सल होतोय. मी पहिल्या वर्षी तो शब्द ऐकून दचकायचो, नंतर स्वतः वापरायला लागलो.

परवा हे सगळं मनात घोळत असताना मला एकदम वाटलं, पणजीच्या स्थलांतरानं आमच्या स्वयंपाकघरात काहीतरी आणलं. माझ्यानं तिथून काढून नेलं.

बाबा गेले ते २०१५ च्या फेब्रुवारीत, गुरुवारी रात्री. बडोद्यात साडेअकरा, माझ्याकडे नऊ. तेव्हा कतारमधून बाहेर पडायला कंपनीच्या सहीचं एक्झिट परमिट लागायचं, आणि शुक्रवार-शनिवार सुट्टी. ज्याच्या सहीनं ते निघणार तो अधिकारी हिवाळ्याच्या रिवाजाप्रमाणे वाळवंटात तंबू टाकून राहिला होता, फोन लागत नव्हता. मी शुक्रवारी पहाटेपर्यंत फोन करत होतो. मग माझ्या पाळीतला एक इजिप्शियन सहकारी, ज्याच्याशी माझं कामापलीकडे कधी बोलणं झालं नव्हतं, स्वतःची गाडी घेऊन दक्षिणेला निघाला आणि तंबू शोधत फिरला. त्याला तो माणूस सापडला रात्री. त्यानं लगेच मंजुरी दिली, मला फोन करून सांत्वनही केलं. वाईट माणूस नव्हता तो. शनिवारचं विमान, मुंबईहून टॅक्सी, रविवारी सकाळी मी दारात. शुक्रवारी संध्याकाळीच खासवाडीला चुलतभावानं अग्नी दिलेला होता. आईनंच तसं सांगितलं होतं. "त्याला सही मिळायची आहे, थांबू नका," असं म्हणाली, हे मला भावानं नंतर सांगितलं. तिला एक्झिट परमिट म्हणजे काय हे माहीत होतं! वर्तमानपत्रात कतारचं नाव आलं की ती कात्री घेऊन बसायची. २०१८ मध्ये बहुतेकांसाठी ते परमिट रद्द झालं, तेव्हा तिनंच मला फोन करून सांगितलं. मी म्हटलं, हो, वाचलं. दोघंही थोडा वेळ फोन धरून गप्प राहिलो. चांदोदला नर्मदेत अस्थी सोडताना पाणी किती गार होतं तेवढं मला नीट आठवतं.

आईकडे माझ्या लहानपणीचं एक गजराचं घड्याळ होतं. ते मसाल्याच्या फळीवर, हिंगाच्या डबीशेजारी, अडीच तास मागे लावलेलं असायचं. बडोद्यात साडेआठ म्हणजे तिकडे सहा. पाळी बदलली, आता तो बसमध्ये असेल, आता फोन करावा. रमजानमध्ये कामाच्या वेळा बदलायच्या त्याही तिला पाठ. २०१७ च्या जूनमध्ये शेजारच्या देशांनी एका सकाळी कतारची वाट बंद केली, दुकानांतलं दूध संपलं, तेव्हा तिनं दोन किलो दुधाची पावडर कुरिअर करायची तयारी केली होती. मी हसून नको म्हटलं. आज वाटतं, पाठवू द्यायला हवी होती.

त्या दिवसांतही एक गोष्ट चालू राहिली, ती म्हणजे गॅस. माझं काम त्याच्याशी. समुद्राखालून आलेला वायू धुऊन, सुकवून, उणे १६२ अंशांपर्यंत थंड करायचा. मग तो पाण्यासारखा होतो आणि सहाशेपट आकसतो. तेवढा आकसला की जहाजात भरता येतो. २००४ पासून रास लफानहून आपल्या दहेजला जहाजं येतात. पहिल्या जहाजाचं नाव 'दिशा', मग 'राही', नंतर 'असीम'. रात्रपाळीला धक्क्यावर 'राही' लागलंय असं कळलं की मी पॅनेलसमोर उगाच सरसावून बसायचो. अरबी समुद्र ओलांडून ते भरूच जिल्ह्यात जाऊन लागणार, तिथला गॅस पाइपांतून पुढे निघणार, आणि आमचं घर तिथून काही फार लांब नाही. घरगुती जोडण्यांना आधी देशातला गॅस देतात हे मला पक्कं माहीत आहे. पाइपातला कुठला वायू कुठला ते कुणी सांगू शकत नाही. तरी पाळी संपवून आईला फोन केला आणि मागे तिच्या शेगडीवर काही शिजत असल्याचा आवाज आला की मी मनाशी ते जहाज आणि ती ज्योत जोडून टाकायचो. एकदा तिला सांगितलंही. ती म्हणाली, "मग त्याला वास का येतो? तू तर म्हणालास त्याला वास नसतो." मी सांगितलं, वास इथं घालतात, गळती कळावी म्हणून. "म्हणजे इकडे आल्यावरच कळतं, तो आहे म्हणून," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती दोह्याला एकदाच आली, २०१९ च्या एप्रिलमध्ये. नवं राष्ट्रीय संग्रहालय नुकतंच उघडलं होतं, वाळवंटातल्या गुलाबदगडाच्या पाकळ्यांसारखं. आत एका अंधाऱ्या दालनात आम्ही बडोद्याच्या मोत्यांच्या गालिच्यासमोर उभे राहिलो. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतलेला. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करायचा त्यांचा मानस होता असं सांगतात. १८७० मध्ये महाराज गेले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पंधरा ते वीस लाख मोती, सगळे बसऱ्याचे, म्हणजे याच आखातातले, कदाचित अल खोरच्या कुणी बुडी मारून काढलेले. पुढे तो राजघराण्याबरोबर युरोपात गेला, २००९ मध्ये दोह्यात लिलावात विकला गेला, आणि आता इथं. मी आईला हे सगळं हळू आवाजात सांगत होतो. तिनं काचेच्या शक्य तितकं जवळ जाऊन पाहिलं. गर्दी पुढे सरकली तरी ती हलली नाही. मला वाटलं ती म्हणेल, आपली वस्तू इथं कशी. ती म्हणाली, "मोती घरी पोचले की रे." आणि मग बाहेर येऊन, पायऱ्यांवर बसून, पर्समधून रुमाल काढून बराच वेळ डोळे पुसत राहिली. काय झालं ते मी विचारलं नाही. त्या जूनमध्ये बायको आणि मुलगी बडोद्याला परतणार हे ठरलेलं होतं, आणि मी आणखी पाच वर्षं तिथं एकटा राहणार होतो.

२०२४ च्या एप्रिलमध्ये मी कॅन्सल करून आलो. आयडी परत दिला, त्याची पोच घेतली. सामान चार खोक्यांतून समुद्रमार्गे आलं, आणि ती निळी बॅग, तीन वेळा चाक बदललेली, माझ्याबरोबर. ती अजून माजघराच्या दारामागे उभी आहे. आत काही नाही. माळ्यावर टाकू टाकू म्हणत राहून गेलं.

मुलीची गोष्ट वेगळीच आहे. ती पंधरा वर्षांची आहे. जन्म दोह्याचा, पहिली दहा वर्षं अल खोरची. तिचं गाव कुठलं विचारलं तर ती आधी माझ्याकडे बघते. तिला तिच्या शाळेमागचा खारफुटीचा पट्टा आठवतो, त्यातले फ्लेमिंगो आठवतात. तिथं तिला आता जायचं झालं तर पर्यटक म्हणून जावं लागेल. भाऊबीजेनंतर मी तिला म्हटलं, अनारशाला खरी खसखस लावतात. ती म्हणाली, "नाही, आजीच्या अनारशांना तीळच असतात." तिनं जन्मात दुसरे पाहिलेच नव्हते. माझ्या लेखी जी उणीव, ती तिच्यासाठी आजीची रीत झालेली.

देवउठी एकादशीला मांडवीत विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, बघायला आम्ही सगळे गेलो. परतताना करियाण्याच्या दुकानात शिरून मी शंभर ग्रॅम खसखस घेतली. घरी अनारशाचं थोडं पीठ डब्यात उरलेलं होतं. आई म्हणालीच होती की अजून आठ-दहा निघतील. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुडी तिच्यासमोर ओट्यावर ठेवली.

तिनं ती उचलली, वजन करावं तशी तळहातावर धरली. पारदर्शक पिशवीतून दाणे इकडून तिकडे सरकले. मग तिनं माझ्या खांद्यावरून माजघराकडे पाहिलं.

"आधी ती बॅग पुढच्या खोलीत ने."

"आई, ती रिकामी आहे. ती कुठेच जायची नाही."

"ने तर खरी."

मी बॅग नेली. जुन्या फरशीवर चाकांचा खडखडाट झाला, पुढच्या खोलीपर्यंत. परत आलो तेव्हा कढई शेगडीवर चढली होती आणि पुडी अजून बंद होती. ती आवाज थांबायची वाट बघत होती. मग तिनं कात्रीनं कोपरा कापला आणि खसखस ताटलीत ओतली. मुलगी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, माझ्यासाठी चार तिळाचे ठेवशील?" आईनं मान हलवली आणि तिळाची दुसरी ताटली शेजारी मांडली. मनगटाला, बांगड्यांच्या मध्ये, दोन-चार दाणे चिकटले होते. तिनं सवयीनं हात मोरीकडे नेला, नळाखाली धरला, आणि नळ न सोडता तसाच परत आणला.

पहिली लाटी तिनं खसखशीत दाबली, थापली, तुपात सोडली. पीठ जुनं झालं होतं म्हणा, किंवा तूप जास्त तापलं होतं. अनारसा कडेनं फुटला, पसरला, सगळ्या कढईभर हसला. खसखशीचे दाणे तुपात मोकळे तरंगू लागले. तिनं ते झाऱ्यानं हळूहळू गोळा केले, ज्योत बारीक केली आणि दुसरी लाटी घेतली.